‘सायकल उजव्या कडेनं चालवा’ या मेसेजला उत्तर

शाळा सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. यंदाही आला. ‘मुलांना सायकल उजव्या कडेनं चालवायला सांगा, समोरची गाडी दिसते, मागची दिसत नाही. चौकात डावीकडून जागा मिळेल तसं पुढे सरका. सायकलला सिग्नल नसतो. उजवीकडे वळायचं तर घंटी वाजवत आडवं कापा.’ खाली जोडलेले हात. काळजी खरी आहे, म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. आमच्या गावची पोरं रोज सायकलनं हिंगणघाटात शाळेला जातात आणि वाटेत भर चौक लागतो.

उजव्या कडेचा सल्ला मुळात पायी चालणाऱ्याचा. फुटपाथ नसेल तर गाड्यांकडे तोंड करून चालावं, हे बरोबरच. पण पायी माणूस एका पावलात थांबतो, दुसऱ्या पावलात साईडपट्टीखाली उतरतो. पाठीवर दप्तर घेऊन सायकलवर असलेल्या पोरीला ते जमत नाही. ट्रक ताशी 60 नं आणि पोरगी ताशी 15 नं चाललीय असं धरा. एकाच दिशेनं असतील तर 100 मीटरचं अंतर मिटायला 8 सेकंद लागतात, समोरासमोर असतील तर पाचसुद्धा नाही. शिवाय मागचा ड्रायव्हर वेग कमी करून तिच्यामागे राहू शकतो. समोरच्याला ती सोयच नाही, दोघांपैकी एकानं रस्ता सोडावा लागतो. ट्रक सोडत नाही.

चौकात हे आणखी बिघडतं. आडव्या रस्त्यानं येऊन डावीकडे वळणारा मोटरसायकलवाला मान उजवीकडे करून बघतो, कारण गाड्या तिकडूनच येतात. उलट बाजूची सायकल त्याच्या डाव्या हाताला उगवते. तिला तो दिसतो, त्याला ती दिसत नाही.

आता डावीकडची फट. कापसाच्या दिवसांत बाजाराला जाणाऱ्या मेटॅडोर बघा. पाल आवळून बांधलेला कापूस दोन्ही अंगांनी फुगलेला असतो, ड्रायव्हरला आरशात त्या पालीपलीकडलं काही दिसत नाही. रिकाम्या ट्रकच्याही केबिनला लागून डाव्या अंगाची जागा त्याच्या नजरेबाहेरच असते. त्यात वळताना मागची चाकं पुढच्यांच्या वाटेनं जात नाहीत, आतून कापतात. ट्रॉली वाड्यात घेताना फाटकाचा आतला खांब घासतो, तोच हा प्रकार. मी कॉलेजात असताना अशाच फटीत शिरलो होतो. ट्रक सरळ जाईल असं वाटलं, तो डावीकडे वळला. मी उडी मारून नालीत, सायकलच्या पुढच्या चाकाचा पापड, आणि ड्रायव्हर खाली उतरून मलाच विचारतो, ‘तू आला कुठून बे?’ राग आला होता. आज वाटतं, प्रश्न बरोबर होता.

तेव्हा मोठ्या गाडीच्या बगलेत नाही, मागं थांबायचं, आणि तेही आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसेल अशा जागी. तोंड दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही.

सायकलला लायसन लागत नाही, एवढंच खरं. लाल दिवा तोडणाऱ्या सायकलसाठी हिरव्यावर सुटलेली ट्रॅव्हल्स वेगळी थांबत नाही. दुपारी नुसता पिवळा लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ सावकाश, बघून. रस्ता मोकळा असा नाही.

आणि आडवं कापणं? ट्रकच्या हॉर्नपुढं घंटी कोण ऐकतं बाप्पा! उजवीकडे वळायचं तर आधी डाव्या कडेनं चौक सरळ पार करायचा. पलीकडच्या कोपऱ्यावर थांबून सायकलचं तोंड फिरवायचं आणि त्या बाजूच्या गाड्या सुटल्या की त्यांच्यासोबत निघायचं. फारच गर्दी असेल तर उतरून ढकलत न्यायची, त्यात कमीपणा कसला?

गेल्या रविवारी भाचीला घेऊन चौकात हेच चार वेळा करून पाहिलं. तिसऱ्या खेपेला तिनं घड्याळ लावलं.

‘मामा, दीड मिनिट जास्त लागते.’

‘मग?’

‘मग दीड मिनिट आधी निघाव लागन. आईले तुम्ही सांगा.’