‘पाच झाडे आणा आणि निर्धास्त झोपा’: एका संदेशाचा प्रतिवाद

सांगली-साताऱ्याकडे नव्या फ्लॅटची वास्तुशांत ठरली की नातेवाइकांच्या गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. स्नेक प्लांट, मनी प्लांट, झेडझेड, अरेका पाम आणि तुळस ही पाच झाडे घरात ठेवा. ती रात्रभर ऑक्सिजन देतात, नव्या रंगातून आणि प्लायवूडमधून सुटणारे विषारी वायू शोषतात हे ‘नासा’ने सिद्ध केले आहे, त्यांना ऊन लागत नाही, आठवड्यातून एकदा पाणी पुरते आणि लहान मुलांना किंवा पाळीव प्राण्यांना त्यांचा अपाय नाही, असा त्याचा सारांश. या पाचांपैकी दोन-तीन झाडे खरोखरच सोशिक आहेत. मात्र ती ज्या कारणांसाठी घ्यायला सांगितली आहेत ती कारणे टिकत नाहीत, आणि सांगितल्या पद्धतीने सांभाळली तर ती पहिल्याच पावसाळ्यात दगावण्याची शक्यता अधिक आहे.

रात्रीच्या ऑक्सिजनचा दावा अर्धवट माहितीतून आला आहे. स्नेक प्लांट कोरड्या प्रदेशातले झाड असल्यामुळे पाणी वाचवण्यासाठी आपली पर्णरंध्रे (पानांवरची सूक्ष्म छिद्रे) मुख्यतः रात्री उघडते, तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि तो आम्लाच्या रूपात साठवून ठेवते. ऑक्सिजन तयार होण्यासाठी प्रकाश लागतो. तो दिवसाच तयार होतो. शिवाय त्याची गरज तरी कितीशी आहे? दहा बाय बारा फुटांच्या आणि दहा फूट उंचीच्या खोलीत सुमारे ७,००० लिटर ऑक्सिजन असतो, तर झोपलेला माणूस आठ तासांत साधारण १२० लिटर वापरतो, आणि खोली काही हवाबंद नसते.

‘नासा’चा प्रयोग मात्र खरा आहे. तो १९८९ साली प्रसिद्ध झाला, बी. सी. वोल्व्हर्टन हे त्याचे प्रमुख संशोधक होते आणि त्यात स्नेक प्लांटही होते, तुळस नव्हती. परंतु ती झाडे लहान, पूर्ण बंद पेट्यांत ठेवून आत बेन्झीन, फॉर्मल्डिहाइड यांसारखे वायू सोडले होते. दारे-खिडक्या असलेल्या घराला ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वेअरिंग या संशोधकांनी अशा १२ अभ्यासांतील १९६ प्रयोगांचे आकडे २०१९ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा इमारतीतील हवेच्या नेहमीच्या ये-जा इतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील असे दिसून आले. वर सांगितलेल्या खोलीत याचा अर्थ किमान शंभराहून अधिक कुंड्या असा होतो. नव्या रंगाचा वास जायला समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडाव्यात. ते फुकट आहे.

‘ऊन लागत नाही’ हे वाक्य सर्वांत जास्त झाडे मारते. आपले डोळे मंद उजेडाला चटकन सरावतात, झाडे सरावत नाहीत. बाहेर भर उन्हात सुमारे एक लाख लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश असतो, तर हॉलच्या आतल्या कोपऱ्यात बऱ्याचदा शंभर लक्सही नसतो. दुपारी दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र सहज वाचता येत नाही, तिथे झेडझेड आणि स्नेक प्लांट काही महिने तग धरतील, वाढणार नाहीत. तुळशीला तर दिवसाला चार-सहा तास थेट ऊन हवे. वृंदावन अंगणात बांधण्याची रीत तिच्या या गरजेशी नेमकी जुळते. अरेकाला सोपे म्हणणे मला पटत नाही: त्याला भरपूर उजेड आणि कायम ओलसर माती हवी असते, आणि सांगलीच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्यावर लाल कोळी ही कीड पडते.

आता पाणी. ‘आठवड्यातून एकदा’ हा नियम ज्याने लिहिला त्याने आपल्याकडचे ऋतू विचारात घेतलेले दिसत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये साताऱ्यात आभाळ भरलेले असते, हवा दमट असते, आणि स्नेक प्लांटची कुंडी तीन आठवडे वाळत नाही. तेच मनी प्लांट मे महिन्यात सांगलीच्या विश्रामबागेतल्या पश्चिमेच्या गॅलरीत तीन-चार दिवसांत माना टाकते. म्हणून वार न पाहता बोट दोन इंच मातीत घालून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी द्यावे. झाड कमी उजेडात असेल तर पाणी आणखी कमी, कारण ते वाढतच नसते. जास्त पाण्याने मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि पाने पिवळी पडलेली पाहून माणूस आणखी पाणी घालतो.

यात भर पडते ती आपल्या मातीची. कृष्णाकाठची काळी माती उसाला उत्तम असली तरी कुंडीत ती पाणी धरून बसते, आणि वाळली की आक्रसून कडेला फट सोडते. मग घातलेले पाणी त्या फटीतून थेट बशीत उतरते. निम्मी तांबडी माती आणि उरलेल्या भागात जाडसर वाळू व चांगले कुजलेले शेणखत हे मिश्रण घरातल्या झाडांना मानवते. वास्तुशांतीला भेट मिळालेल्या चिनी मातीच्या कुंडीला खाली भोक नसेल तर रोप नर्सरीच्या प्लॅस्टिकच्या कुंडीतच ठेवून ती आत बसवावी. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल, तर कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतो आणि पानांची टोके करपतात. अशा घरी पावसाचे पाणी साठवून वापरणे बरे.

शेवटचा दावा सरळसरळ धोकादायक आहे. मनी प्लांट आणि झेडझेड ही अळूच्या कुळातली झाडे आहेत. कच्च्या अळूने घसा खाजतो तो ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे, त्याच यांच्या पानांतही असतात. रांगत्या मुलाने किंवा मांजराने पान चावले तर तोंडाची आग होते आणि सूज येते. स्नेक प्लांट खाल्ल्यास प्राण्यांना उलट्या होऊ शकतात. असे घर असेल तर स्पायडर प्लांट निवडावे. ते बिनविषारी आहे आणि पूर्वेच्या खिडकीत फारसे लक्ष न देताही वाढते. मनी प्लांट हवेच असेल तर उंचावर टांगावे, आणि ते पाण्याच्या बाटलीत लावले असेल तर ते पाणी, तसेच कुंड्यांखालच्या बशांतले पाणी, दर आठवड्याला न चुकता ओतून द्यावे, कारण डेंग्यूचा डास अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.