कल्पना कळली, पण ऐकलंत का?

प्रायोगिक संगीताचा विषय निघाला की हमखास अमेरिकन संगीतकार जॉन केजची '४ मिनिटं ३३ सेकंद' ही तीन भागांची रचना येते. १९५२ साल, डेव्हिड ट्यूडर पियानोपाशी बसला, एकही सूर वाजवला नाही, आजूबाजूचे आवाज हेच संगीत. सांगून झालं, हसून झालं, विषय संपला! त्या रात्री पहिल्या भागात बाहेरचा वारा ऐकू येत होता, दुसऱ्यात छपरावर पाऊस वाजायला लागला आणि तिसऱ्यात लोक आपसात बोलत उठून चालले होते, असं केज सांगायचा. ही गोष्ट किश्श्यात येत नाही, कारण किस्सा सांगायला काही ऐकावं लागतच नाही.

माझी तक्रार एवढीच. या संगीताची कल्पना एका वाक्यात सांगता येते, म्हणून लोक त्या वाक्यावरच थांबतात.

अमेरिकन संगीतकार आल्विन ल्युसिएचं 'आय अॅम सिटिंग इन अ रूम' ('मी एका खोलीत बसलोय', १९६९) घ्या. माणूस खोलीत बसून चार वाक्यं बोलतो, ती टेप करतो. मग तीच टेप त्याच खोलीत वाजवून पुन्हा टेप करतो. पुन्हा, पुन्हा. खोलीच्या आकारमानाप्रमाणे काही कंपनं जोर धरतात, बाकीची विरतात. असं होणार हे तो स्वतःच सुरुवातीला सांगून टाकतो, तेव्हा रहस्य काहीच उरत नाही. पण १९८१ साली आलेली त्याची रेकॉर्ड सुमारे ४५ मिनिटांची आहे आणि खरी गंमत मधल्या टप्प्यात आहे. तोवर मजकूर आपल्याला पाठ झालेला असतो. आवाजातली व्यंजनं झिजून गेली तरी आपलं डोकं ती भरून काढत राहतं. नसलेले शब्द आपण ऐकत असतो! मग कधीतरी तेही सुटतं आणि बोलण्याची नुसती लय उरते, घंटेसारख्या घुमणाऱ्या सुरांत. ल्युसिए बोलताना अडखळायचा. ते अडखळणं पुसलं जावं हाही हेतू त्याने त्या मजकुरातच सांगितलाय. हे माहीत असून ऐकताना पोटात काहीतरी हलतं, निदान माझ्या तरी.

फ्रेंच संगीतकार एलियान रादिगचं संगीत तर सांगून कळणारच नाही. सिंथेसायझरचा लांबलचक नाद इतका सावकाश सरकतो की बदल जाणवेपर्यंत तो होऊन बराच वेळ गेलेला असतो.

"तासभर एकच सूर धरायला अक्कल लागते का?" हा प्रश्न मला अपमानास्पद वाटत नाही. पुष्कळ ठिकाणी उत्तर 'नाही' असंच आहे. नुसत्या कल्पनेवर उभं असलेलं, दहाव्या मिनिटाला आणि पन्नासाव्या मिनिटाला तेच असलेलं काम मी बंद करतो, पत्रकात कितीही तत्त्वज्ञान लिहिलेलं असो. (पत्रक जितकं लांब तितका माझा संशय दाट.) फक्त हा निकाल ऐकून द्यावा, वर्णन वाचून नव्हे.

ज्यांनी ल्युसिए पूर्ण ऐकलाय त्यांनी कमेंटमध्ये सांगा, तुमचे शब्द साधारण कुठे सुटले? माझी जागा दर वेळी बदलते.