माझ्या गाण्यांचा पंचनामा बंद करा

डोंबिवलीहून महापेला आम्ही चौघं एका गाडीने जातो. पेट्रोल वाटून घेतो, गाणीही वाटून घेतो. ज्याची पाळी त्याचा फोन गाडीच्या स्पीकरला. शिळफाट्याला एकदा अडकलं की अर्धा-पाऊण तास जागचं हलता येत नाही, त्यामुळे गाणी हाच काय तो आधार. पण माझी पाळी आली की गाणी बाजूला राहतात आणि माझी उलटतपासणी सुरू होते. रोजचं झालंय हे. संताप संताप होतो.

परवाचंच घ्या. स्वदेशी म्हणून मुंबईचा एक ग्रुप आहे, त्यातला एमसी मवाली मराठीतून रॅप करतो. त्याचं गाणं लागलं. पुढच्या सीटवरचे साहेब म्हणाले, "हे काय, कोण भांडतंय?" बरं. त्याच्यामागून बाबूजी लागले, सुधीर फडके. लगेच मान मागे वळली. "अगं, मग हे लाव ना! कळतं की तुला चांगलं काय ते." तिसरं लागलं प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातलं भीमगीत. आता मात्र गाडीत कुणी बोलेचना. कडवं संपायच्या आत शेजारच्या बाईंनी अगदी आपुलकीच्या सुरात विचारलं, "तुमचं मूळ गाव कुठलं गं?"

गाव! इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसतोय, डब्यातली भाजी वाटून खातोय, माझं गाव कधी कुणाला लागलं नव्हतं. आडनावावरून हिशेब लावून झाला होता ना, तो एका गाण्याने चुकला, म्हणून आता गाव हवं. मी सांगितलं नाही. इथेही सांगणार नाही. ज्याला गाणं ऐकताना माझी जात आठवते त्याला माझ्याकडून एक अक्षर मिळणार नाही.

आणि प्रल्हाद शिंदे कोण, हे तरी माहीत आहे का या लोकांना? मंगळवेढ्याचा माणूस. याच बाईंच्या सोसायटीत गणपतीचे दहा दिवस सकाळी सहाला जो आवाज सुरू होतो तो त्यांचाच. आषाढीला विठ्ठलाची गाणी लागतात, तीही त्यांचीच. त्याच गळ्याने कव्वाल्या गायल्या, त्याच गळ्याने भीमगीतं गायली. मंडपात हात जोडून जो आवाज ऐकता, तोच आवाज बाबासाहेबांचं नाव घ्यायला लागला की तुम्हाला खिडकीबाहेर बघावंसं वाटतं? वामनदादा कर्डकांसारख्या कवींनी आयुष्य घालवलं ही गाणी लिहिण्यात. कसली साधी, कानात बसणारी, नेमकी रचना! पण ती "त्यांची" गाणी. चौदा एप्रिलला "त्यांच्या" वस्तीत वाजायची. सोमवारी सकाळी ऑफिसच्या गाडीत कशाला?

म्हणून मला तो प्रश्न ऐकला की डोक्यात तिडीक जाते. "तू नक्की काय ऐकतेस, एकदा ठरव." संगीतात कुणाला रस नसतो हे विचारताना. बाबूजी ऐकते म्हणजे अमुक घरातली, रॅप ऐकते म्हणजे पोरकट, भीमगीत ऐकते म्हणजे चौकशी करावी लागेल, लावणी ऐकते म्हणजे जरा जपूनच. यांना माझी वर्गवारी करायची असते, आणि ती होत नाही म्हणून यांचा जीव घाबरा होतो.

साहेबांचं लाडकं वाक्य असं की जुन्या सिनेमाची गाणी म्हणजे सोनं, आणि आताचं सगळं कचरा. सोनं आहेच. माझाही जीव आहे त्या गाण्यांवर. पण त्याच सोन्याला कचरा म्हटलं होतं ते तुमच्यासारख्यांनीच! 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. सिनेमाचं संगीत हलकं, उथळ, लोकांची अभिरुची बिघडवणारं, असं त्यांचं पक्कं मत. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली ती त्याच वर्षी, परदेशातल्या स्टेशनवर. शेवटी 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आणि पेटी? हार्मोनियम? जिच्याशिवाय नाट्यसंगीताचं पान हलत नाही ती पेटी आकाशवाणीने 1940 साली बंद केली, ती थेट 1971 पर्यंत. अस्सल भारतीय नाही म्हणून! सुलोचना चव्हाणांच्या लावण्या "चांगल्या घरात" मोठ्याने लावायची सोय नव्हती, आणि 2022 साली पद्मश्री मिळाल्यावर त्याच घरांत सगळ्यांना अभिमान वाटायला लागला. दर पिढीला कुणीतरी हे ठरवणारा भेटतो, आणि दर पिढीत तो चुकतो. पुढच्या सीटवरच्या साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "ते वेगळं होतं."

काय वेगळं होतं? सांगा ना काय वेगळं होतं!

मग दुसरा मुद्दा निघतो. रॅपवाल्यांना चाल करता येत नाही, दुसऱ्यांच्या गाण्याचे तुकडे चोरतात. थांबा जरा. हिप-हॉप जन्मलं ते 11 ऑगस्ट 1973 ला, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, सेजविक अव्हेन्यूवरच्या एका इमारतीच्या हॉलमध्ये. डीजे कूल हर्कच्या बहिणीने पार्टी ठेवली होती. हर्कची युक्ती अशी: गाण्यातला जो तुकडा सुरू झाला की पोरं नाचायला उठतात, नुसत्या तालवाद्यांचा, तो तुकडा दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रांवर, एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून पुन्हा पुन्हा लांबवायचा. त्यासाठी किती रेकॉर्डी चाळाव्या लागत असतील, किती तऱ्हेचं ऐकावं लागत असेल! पुढे 1982 मध्ये त्याच ब्राँक्सच्या आफ्रिका बंबाटा या डीजेने जर्मनीच्या क्राफ्टवर्क या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या ग्रुपची धून उचलली. नाना तऱ्हेचं ऐकणं हा या संगीताचा पायाच आहे. मी बाबूजींच्या शेजारी रॅप लावते तेव्हा काहीतरी अघटित करते असं तुम्हाला वाटतं, पण हे गाणं बनलंच मुळी तसं.

आणि आपलीच गाणी गेली आहेत त्यात. ब्लॅक आइड पीज या अमेरिकन ग्रुपच्या 2005 च्या गाजलेल्या गाण्यात कल्याणजी-आनंदजींच्या चाली आणि आशाताईंचा आवाज आहे. एरिक सर्मन या अमेरिकन रॅपरने 2002 मध्ये संगीतकार रोशनच्या चालीचा तुकडा घेतला, 'ताजमहल' सिनेमातला, 1963 चा. त्याच 2002 मध्ये ट्रुथ हर्ट्स नावाच्या गायिकेच्या गाण्यात लतादीदी ऐकू येतात, बप्पी लाहिरींच्या 'ज्योती'तल्या गाण्यातल्या, आणि त्यावर रॅप करतोय राकिम, ज्याला अमेरिकेत रॅपचा गुरू मानतात. लतादीदी आणि राकिम एका गाण्यात! हो, गाणं करणाऱ्यांनी आधी विचारलं नव्हतं. बप्पीदांचं नावही टाकलं नव्हतं. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2003 मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं की नाव द्या, नाहीतर विक्री थांबवा. बरोबरच केलं. नाव न देणं ही चोरीच, तिथे मी साहेबांच्या बाजूने आहे. पण मग आपल्याकडच्या संगीतकारांनी परदेशी चाली न सांगता उचलल्या त्याबद्दलही तेवढ्याच आवाजात बोला. ती गाणी लागली की स्टिअरिंगवर ताल धरता तुम्ही.

"बाईमाणसाने शिव्यांची गाणी ऐकावीत का?" हाही प्रश्न झाला आहे. बायकांची लाज काढणारं रॅप मी बंद करते, दोन ओळींत कळतं ते. कुणी शिकवायची गरज नाही. पण नायिकेच्या मागे हात धुऊन लागलेला, ती नको म्हणत असताना तिचा पदर ओढणारा हीरो असलेली किती गाणी आपण लग्नाच्या अंताक्षरीत टाळ्या वाजवत म्हणतो? शिवी नाही त्यात, म्हणून सभ्य? मला त्यापेक्षा एमसी मवालीचा राग परवडतो. स्वदेशीने आरेच्या जंगलातल्या प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारली माणसाच्या जमिनीबद्दल गाणं केलं. जंगल कुणाचं, जमीन कुणाची, हे माझ्याच शहरातलं कुणीतरी मला माझ्याच भाषेत ठणकावून विचारतंय. तिथे "कोण भांडतंय" म्हणणाऱ्याला मी काय उत्तर देऊ? भांडतोयच तो. ऐकून तर घ्या कशासाठी ते.

आता एक जात आहे गोड बोलणाऱ्यांची, ती मला जास्त डाचते. "आपला पोवाडा म्हणजेच रॅप की गं!" असं म्हणून पाठीवर थाप मारतात. पोवाडा माझ्या आवडीचा आहे, सवाल-जवाबही, कलगी-तुऱ्याचे सामने तर काय सांगावे. पण पोवाडा पोवाडा आहे आणि रॅप रॅप. फेटा बांधल्याशिवाय त्या पोरांना घरात घ्यायचं नाही, असा तो कौतुकाचा प्रकार असतो. पुण्याच्या ताडीवाला रोडचा रॅपर एमसी स्टॅन आपल्या गल्लीची भाषा बोलतो, तो शाहिरांचा नातू आहे म्हणून ऐकायचा का? तो काय बोलतो म्हणून ऐका, नाहीतर नका ऐकू.

आणि फक्त मोठ्यांवरच राग आहे असं नाही. माझा भाचा सतराचा. त्याच्या मते माझ्यासारख्यांनी रॅपला हातच लावू नये. "मावशी, तू ना, रणवीर सिंगचा सिनेमा बघून आलेली पब्लिक." अरे बाळा, तो रॅपवाल्या पोरांवरचा 'गली बॉय' 2019 चा. डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन रॅपरांचं एकत्र गाणं आलं 2015 ला, तेव्हा तू तुझ्या आईकडे कार्टून लावून मागत होतास. एक अंधेरीच्या जेबी नगरचा, एक कुर्ल्याचा. कुर्ल्याच्या स्टेशनवरून रोज जाणाऱ्या बाईला त्या गाण्यातलं काही कळत नसेल, हे तू कशावरून ठरवलंस? आणि मी त्याला 1968 च्या 'आशीर्वाद'मधलं अशोककुमारांचं आगगाडीचं गाणं ऐकवलं, कोकणातल्या वसंत देसायांचं संगीत, शब्दांचा नुसता धडधडाट, तर पठ्ठ्याने दहा सेकंदांत पुढे ढकललं. "ओल्ड आहे." पुढच्या सीटवरच्या साहेबांचंच बोट ते. वय तेवढं वेगळं.

माणसांचं सोडा, ज्या अॅपला मी दर महिन्याला पैसे भरते त्याचीही तीच तऱ्हा. तिथे मराठी हा एक खण आहे. अभंग, लावणी, भावगीत, रॅप, कोळीगीत, सगळं त्यात कोंबलेलं, वर पाटी "रीजनल". मराठी रॅप हिप-हॉपच्या पानावर नाही, रीजनलमध्ये. आईसाठी दोन अभंग लावले की पुढचे आठ दिवस पहाटेची भक्तिगीतं. रॅप लावलं की जिमची गाणी. जुनं गाणं शोधावं तर आधी त्याचं लो-फाय, म्हणजे शांत बीटवर बसवलेलं रूप, मग कुणीतरी संथ करून घुमवलेलं, मूळ गाणं खाली कुठेतरी. आणि सगळ्यात चीड येते ती नावांची. चित्र नटाचं, नाव कंपनीचं, गायकाचं असलं तर असलं. शांता शेळके, जगदीश खेबुडकर, ग. दि. माडगूळकर यांची नावं घालून शोधा बरं, अर्धी गाणी सापडत नाहीत, कारण कवीचं नाव लिहिलेलंच नाही. बप्पीदांच्या नावासाठी अमेरिकेच्या कोर्टाने विक्री थांबवायची तंबी दिली, आणि इथे आपल्याच कवींची नावं गायब, कुणाला काही नाही.

मी तक्रार लिहिली. सविस्तर, गाण्यांची नावं देऊन. उत्तर आलं: आपल्या आवडी परस्परांशी जुळत नसल्यामुळे शिफारशींवर परिणाम होत आहे, तरी कृपया वेगवेगळ्या प्रकारच्या संगीतासाठी वेगवेगळी खाती उघडावीत. कवींच्या नावांबद्दल एक ओळ नाही.

म्हणजे अभंगाची मी वेगळी, रॅपची वेगळी, भीमगीतांची वेगळी, आणि प्रत्येकीचे पैसे वेगळे. नाही उघडणार. एकच खातं राहील, त्यात सगळं राहील, आणि कवींच्या नावांची तक्रार मी काल पुन्हा पाठवली आहे.