दहाव्या ओळीवरून झालेलं भांडण

परवा कट्ट्यावर जे झालं ते लिहून ठेवतोय, कारण दोन तास नुसती आरडाओरड झाली आणि तरी मला वाटतं की शेवटी मुद्द्याचं काहीतरी निघालं. विषय सॉफ्टबॉलचा. आमच्यातल्या अण्णांकडे बारा वर्षांखालच्या मुलींची टीम आहे, मी तिचं स्कोअरबुक लिहितो, माझी भाची त्यात कॅचर (बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारी) आहे. गेल्या शनिवार-रविवारी टूर्नामेंट होती, शनिवारी दोन पूल (गटातल्या) मॅचेस, रविवारी सेमी आणि फायनल. कप आपल्याला मिळाला. आणि तरी मला तेव्हापासून नीट झोप नाही, कारण रविवारी सकाळी रोस्टरवर (टीमच्या यादीत) एक नवीन नाव चढलं, पिचरचं, म्हणजे बॉल टाकणारीचं, आणि शनिवारी दोन्ही मॅचेस जिनं टाकल्या होत्या ती मुलगी रविवारी दोन्ही मॅचेस बाकावर बसून राहिली.

मी विषय काढला तसा वकील लगेच म्हणाला (वकील म्हणजे खरा वकील नाही, वाद घालतो म्हणून नाव पडलंय), "नियमात बसतं का? नॉकआउटची पहिली मॅच सुरू होईपर्यंत नाव वाढवता येतं असं लिहिलंय का? मग संपलं. समोरच्या टीमलाही तीच मुभा होती, त्यांनी नाही आणली कुणी तर तो त्यांचा प्रश्न. आणि उशिरा आलं म्हणजे अन्याय हे कुठून काढलं तुम्ही? १९९२ ची फुटबॉलची युरो बघ, डेन्मार्कची टीमच्या टीम ऐनवेळी आली, स्पर्धेला दोन आठवडे पण राहिले नव्हते, आणि कप घेऊन गेली. कुणी म्हणलं का अन्याय झाला?"

"अरे पण डेन्मार्क रिकाम्या जागेवर आली," मी म्हणलं. युगोस्लाव्हियावर बंदी आली, त्यांची जागा मोकळी झाली, आणि क्वालिफाइंगला त्याच ग्रुपमध्ये डेन्मार्क दुसरी होती, म्हणजे रांगेत पुढचा नंबर त्यांचाच होता. कुणाला उठवून नाही बसले ते. माझं म्हणणं इथंच सुरू होतं. नवीन मुलगी कधी आली हे बघूच नका, कुणाच्या जागेवर आली ते बघा.

दाद्याला हे पटलं, तो तसा क्रिकेटवाला, म्हणाला २०२३ च्या वर्ल्ड कपला हार्दिक पांड्याचा घोटा गेला म्हणून प्रसिद्ध कृष्णाला घेतलं, पण ते सुद्धा टेक्निकल कमिटीनं मान्य केल्यावर. म्हणजे एक जाणार तेव्हाच दुसरा येणार, आणि का गेला ते तिसऱ्या माणसाला पटवायचं. अमेरिकेतल्या मोठ्या बेसबॉल लीगमध्ये तर ३१ ऑगस्टनंतर जो टीमकडे आला त्याला त्या वर्षी पोस्टसीझन (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) खेळताच येत नाही, कितीही मोठा प्लेयर असू दे. ते लोक कोट्यवधी डॉलर घेऊन खेळतात आणि तिथंही ही रेघ आहे. लिटल लीगमध्ये (लहान मुलांची बेसबॉल-सॉफ्टबॉल लीग) मोसमातल्या ठरावीक मॅचेस खेळल्याशिवाय पुढच्या टूर्नामेंटच्या टीममध्ये घेत नाहीत. "मोसमभर जो खेळला तो शेवटी मैदानात असला पाहिजे, एवढं साधं आहे," दाद्या म्हणाला. "नाहीतर ज्या कोचच्या फोनमध्ये जास्त नंबर तो जिंकणार. वर्षभर टीम बांधायची कशाला मग? शुक्रवारी रात्री फोन फिरवायचे आणि शनिवारी टीम उभी करायची."

इथपर्यंत अण्णा गप्प होते. मग ते बोलले आणि खरं सांगतो, त्यांचं बोलणं ऐकून मी थोडा नरम पडलो.

ते म्हणाले, "तुम्ही सगळे बाहेरून बोलताय. शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे काय होतं ते बघा. अकरा मुली, त्यातली एक सेकंड बेसवर स्लाइड करताना घोटा मुरगळून बसली, राहिल्या दहा. पिचर एकच. तिनं त्या दिवशी नऊ इनिंग टाकल्या होत्या. आमच्या खेळात लोकांचा एक समज आहे की अंडरआर्म टाकतात म्हणजे हाताला काही होत नाही, म्हणून कितीतरी स्पर्धांमध्ये मुलींना किती बॉल टाकायचे यावर मर्यादाच नसते. पण विंडमिल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून टाकताना, खांद्यावर जो ताण येतो तो थोडाथोडका नाही, पुढच्या बाजूला, दंडाच्या वरती, तिथं दुखायला लागतं आणि पोरी सांगत नाहीत. २००८ ला बीजिंगला युकिको उएनोनं दोन दिवसांत ४१३ बॉल टाकले, एकाच दिवशी अमेरिकेविरुद्ध आणि ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन लांबलेल्या मॅचेस, दुसऱ्या दिवशी परत फायनल, आणि जपानला गोल्ड मिळवून दिलं. सगळे ते कौतुकानं सांगतात, मी पण सांगतो. पण ती सव्वीस वर्षांची होती, ऑलिंपिक होतं, निर्णय तिचा होता. माझ्या टीममधली ही पोर अकरा वर्षांची आहे. तिच्याकडून मी रविवारी अजून दोन मॅचेस टाकून घेऊ? तुझी पोर असती तर तू टाकून घेतल्या असत्यास?"

कुणीच काही बोललं नाही. अण्णांचं बरोबर होतं. आणि सॉफ्टबॉलमध्ये पिचरचं वजन काय असतं ते ज्यानं हा खेळ जवळून बघितलाय त्याला वेगळं सांगायला नको, नऊ जणींमधली एक असं ते गणितच नाही. बारा वर्षांखाली ४० फुटांवरून बॉल येतो, पिचर चांगली असेल आणि ताशी ८० किलोमीटरनं टाकत असेल तर बॅटरकडे अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ असतो, तो सुद्धा बॉल हातातून सुटतो ते अजून पुढे येऊन. त्यामुळे ऐनवेळी आउटफिल्डर आणणं वेगळं आणि ऐनवेळी पिचर आणणं वेगळं, पिचर आणलीत तर अर्धी मॅच बदलली. समोरच्या मुलींनी शनिवारी जिला बघून ठेवलं होतं ती रविवारी पिचिंगच्या सर्कलमध्ये नव्हतीच.

मी विचारलं, "अण्णा, पिचर आणलीत ते मान्य. खांद्यासाठी आणली असेल तर मी तुमच्या बाजूनं आहे. पण मग ती पोर बाकावर का? तिला खेळवलं का नाही?"

"फिल्डिंगला कुठं लावू तिला? ती पिचर आहे. आणि बॅटिंगला बाकीच्या बऱ्या होत्या."

आता स्कोअरबुक माझ्याकडे असतं. कट्ट्यावर पिशवीतच होतं. काढलं आणि शनिवारचं पान उघडलं. पाच वेळा बॅटिंगला आली, दोन हिट, एक वॉक (चार खराब बॉल आले की फुकट मिळणारा बेस). त्या दिवशी टीममध्ये तिच्यापेक्षा जास्त वेळा बेसवर फक्त एकच मुलगी पोचली होती. मग रविवारचं पान. तिथं तिच्या नावाची ओळच नाही, एकही चौकोन नाही, आणि ते पान मी माझ्या हातानं लिहिलंय.

आणि मग मी ते दाखवलं ज्यामुळे मला झोप नव्हती. रविवारच्या लाइनअप कार्डवर (मॅचआधी द्यायची खेळणाऱ्यांची यादी) नऊ नावं होती. दहावी ओळ कोरी.

दाद्याला कळलं नाही म्हणून सांगावं लागलं, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी इथं पण सांगतो. सॉफ्टबॉलमध्ये डीपी आणि फ्लेक्स असा एक नियम आहे. फ्लेक्स म्हणजे जी फक्त फिल्डिंग करते, तिचं नाव दहाव्या ओळीत लिहायचं, आणि तिच्या जागी जी बॅटिंग करते ती डीपी. बहुतेक वेळा पिचरलाच फ्लेक्स करतात. म्हणजे नवीन मुलीला फ्लेक्स लिहिलं असतं तर तिनं हवी तेवढी पिचिंग केली असती, आणि शनिवारवाली डीपी म्हणून बॅटिंगला उभी राहिली असती, खांद्याला आराम मिळाला असता आणि दोन्ही मॅचेस ती खेळली असती. त्या स्पर्धेत हे चालत होतं, समोरच्या टीमनं केलंही होतं. शिवाय री-एन्ट्री आहेच, सुरुवातीला खेळलेली मुलगी बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकते. म्हणजे नियमांनी दोन दारं उघडी ठेवली होती. फक्त एक ओळ लिहायची होती.

वकील म्हणाला, "मग तक्रार रोस्टरची नाहीच, लाइनअपची आहे."

बरोबर, पण अर्धंच. कारण रोस्टर वाढलं की कुणाचं तरी कमी होतंच, हे नऊ जणींच्या लाइनअपलाच नाही, सगळ्यांना बॅटिंग देणाऱ्या पद्धतीलाही लागू आहे. वेळेची मर्यादा असली की पाच इनिंगच होतात, पंधरा आउट, वर पाच-सहा जणी बेसवर, म्हणजे विसेक टर्न. नऊ जणी असतील तर प्रत्येकीला दोन तरी मिळतात, बारा झाल्या की काहींना एकच. त्या वीस टर्नमधूनच नवीन मुलीला द्यायचे असतात. म्हणून मला वाटतं नियम करणारे समोरच्या टीमच्या बाजूनं विचार करतात (वय बरोबर आहे का, दुसऱ्या टीमकडून खेळलीय का, नाव वेळेत दिलंय का), आणि आपल्याच डगआउटमधली (टीमच्या बाकावरची) जी पोर आहे तिच्या बाजूनं कुणी एक ओळ पण लिहीत नाही.

ताई इतका वेळ ऐकत होती. ताई स्वतः पिचर होती, कॉलेजपर्यंत खेळली. ती म्हणाली, "तुम्ही सगळे त्या एकीबद्दल बोलताय, ठीक आहे, पण दुसरीला विसरू नका. मी चौदा वर्षांची असताना मला असंच बोलावलं होतं, आदल्या रात्री. मला वाटलं केवढा मान. सकाळी गेले तर शर्ट नव्हता, कुणाचा तरी जुना दिला, नंबरवर चिकटपट्टी लावून. कॅचरचे इशारे मला वॉर्मअपच्या दहा मिनिटांत सांगितले आणि तिसऱ्या इनिंगला मी ते विसरले. डगआउटमध्ये माझ्या बाजूची जागा कुणी घेतली नाही. दोन वॉक दिले तर मागून एक आई मोठ्यानं म्हणाली, हिच्यासाठी आमच्या मुलीला बसवलं. ते मला ऐकू आलं. मी काय केलं होतं? मला बोलावलं म्हणून मी गेले. मोठ्यांनी जो हिशोब करायला पाहिजे होता तो त्यांनी केला नाही, आणि तो त्या दिवशी माझ्या अंगावर आला."

हे ऐकून मला भाचीचं आठवलं. रविवारी सकाळी तीच कॅचर, तिलाच नवीन मुलीबरोबर वॉर्मअपला पाठवलं होतं. ती घरी आल्यावर कपाबद्दल काहीच बोलली नाही, म्हणाली, मामा, तिनं मास्क काढलाच नाही रे. पिचर लोक तोंडावर जो फेस मास्क लावतात ना, समोरून आलेला बॉल लागू नये म्हणून, तो. शनिवारवाली पोर सेमीफायनलभर तो लावून बाकावर बसली होती, ग्लोव्ह हातात, आतल्या आत बॉल फिरवून चेंजअपची (मुद्दाम हळू टाकायच्या बॉलची) पकड धरायची, सोडायची, परत धरायची. म्हणजे तिला कुणी सांगितलंच नव्हतं की आज तू टाकणार नाहीस. ती प्रत्येक इनिंगला वाट बघत होती. मी समोरच बसलो होतो स्कोअरबुक घेऊन, मला ते दिसलं नाही, मी चौकोन भरत होतो.

हे मी अण्णांना सांगितलं. अण्णांनी मान खाली घातली. म्हणाले, "रात्री साडेदहाला नवीन मुलीच्या वडिलांचा होकार आला. त्यानंतर हिच्या घरी फोन करायचा राहिला. सकाळी सगळी घाई झाली."

वकील तरी म्हणालाच, "पण नियमाप्रमाणे कळवायचं बंधन नाहीये."

"मग नियमात घाला," दाद्या त्याच्यावर ओरडला. "पूल मॅच सुरू झाली की रोस्टर बंद. दुखापत झाली, मुली नऊच्या खाली गेल्या, किंवा पिचरला विश्रांती द्यायचीय, तेवढ्याचसाठी उघडा. आणि उघडलं तर जी आधीपासून आहे तिचं नाव लाइनअपमधून काढायचं नाही, नवीन नाव दहाव्या ओळीत."

मला हे शंभर टक्के मान्य आहे. वकील म्हणतो पिचरच्या विश्रांतीचं कारण कोण तपासणार, उद्या सगळेच तेच कारण सांगतील. मी म्हणलं स्कोअरबुक तपासा, कुणी किती इनिंग टाकल्या ते त्यात असतं, सहीसकट. दोन्ही टीमचे स्कोअरर टॅली करतात, खोटं बोलायला जागा नाही. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, पण मान्य पण केलं नाही त्यानं, तो त्याचा स्वभाव.

अण्णांनी स्कोअरबुक मागून घेतलं, शनिवारचं पान बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "पुढच्या टूर्नामेंटला करतो नीट."

ताई म्हणाली, "पुढच्या टूर्नामेंटला नाही. उद्या प्रॅक्टिस आहे ना? उद्या बोला तिच्याशी."

"काय बोलू आता?"

"जे शनिवारी रात्री साडेदहाला बोलायचं होतं तेच."