हे एन-ए-एन कोण?

इंदूरला राजेंद्रनगरातल्या आमच्या गल्लीत गणपतीच्या वर्गणीची बेरीज करायला मला धरलं, कारण मी कम्प्युटरवाला. काम म्हटलं तर जावास्क्रिप्ट ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एका ओळीचं. प्रत्येक घर एक ऑब्जेक्ट, म्हणजे माहितीचा डबा, त्याच्या पोटात वर्गणी, तिच्या पोटात रक्कम. रक्कम आत अक्षरं म्हणून असते, तिला नंबर लावून आकडा करायचा, नाहीतर ५०१ आणि २५१ मिळून ५०१२५१ होतात, मग रिड्यूस, म्हणजे एकेक रक्कम मिळवत जायचं, सुरुवातीला शून्य, आणि वर्गणी न आलेल्या घरापाशी अडू नये म्हणून प्रश्नचिन्ह-टिंब आणि तिथे शून्य धरायला दोन प्रश्नचिन्हं, ह्या सोयी जावास्क्रिप्टात २०२० पासून आहेत. पोहे येईस्तोवर होईल वाटलं.

उत्तर आलं एन-ए-एन.

खजिनदार काका खांद्यावरून बघत होते, तोंडात शेव.

"हे एन-ए-एन कोण? आपल्या गल्लीत तर नाहीत."

"कोणी नाही काका. नॉट अ नंबर, हा आकडाच नाही म्हणतंय."

"म्हणजे दिली नाही वर्गणी?" आणि वही उघडून शोधायलाच लागले. नाईक, नेने, नातू... "नातूंनी तर दिली रे, पावती मीच फाडली!"

"काका, तुम्ही यादीत रकमेपुढे /- टाकलंय. असा एक जरी निघाला तरी सगळी बेरीज नासते."

"टाकणारच! उद्या कोणी पुढे शून्य वाढवलं तर?"

बँकेतून रिटायर झालेत, सख्ख्या भावावर भरवसा नाही. आणि ह्या एन-ए-एनचा टाइप, म्हणजे प्रकार, विचारा, जावास्क्रिप्ट म्हणते नंबर! १९९५ साली दहा दिवसांत उरकलेली भाषा, भोगतोय कोण, तर मी.

तेवढ्यात काकांचा भाचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, "पार्सइंट लगा दो ना भिया" म्हणाला आणि मी नको-नको म्हणेस्तोवर लावलाच. पार्सइंट सुरुवातीचे आकडे तेवढे उचलतो, /- सोडून देतो हे खरं, पण स्वल्पविराम दिसला की तिथेच थांबतो. काकांच्या १,१००/- चा झाला १.

"माझा एक रुपया?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं की मी काकांचे पैसे खाल्ले. भाच्याचं नाव कोणी काढेना.

शेवटी आकडे सोडून बाकी सगळं रिप्लेसनं उडवलं, मग नंबर, मग रिड्यूस. बरोबर आली. काकांनी तरी वही घेऊन बोटांवर पुन्हा केली, रुपयाला रुपया जुळली, तर म्हणे, "बघ, हातानं केलं म्हणून जुळलं."

आरतीनंतर माइकवर आभार मानले भाच्याचे. माझंही नाव घेतलं, वर्गणी बाकी असलेल्यांत. मला वाटलं होतं एवढं राबल्यावर माफ असेल.