कोमो सरोवराला प्रदक्षिणा घालू नका, त्रिकोणात शिरा

रोड सायकल घेऊन उत्तर इटलीतल्या कोमो सरोवराकडे निघालेला जवळपास प्रत्येक जण आधी एकच विचारतो: पूर्ण फेरी किती किलोमीटरची? साधारण १६०. झालं, बेत ठरला. एक दिवस, एक फेरी, घड्याळाच्या नकाशावर एक बंद रेघ. मला हा बेत पटत नाही. का पटत नाही ते आज सविस्तर लिहितेय, कारण या भागातल्या ज्या रस्त्यांवर माझा जीव जडलाय ते या फेरीत लागतच नाहीत.

आधी जमीन समजून घ्या. कोमोचा आकार उलट्या वाय अक्षरासारखा आहे. उत्तरेकडून एक लांब पट्टा येतो, बेलाजिओ गावाच्या टोकाशी फुटतो आणि त्याचे दोन पाय खाली उतरतात. एकाच्या शेवटी कोमो शहर, दुसऱ्याच्या शेवटी लेक्को. या दोन पायांच्या मध्ये जो डोंगराळ तुकडा उरतो तो लारियानो त्रिकोण. लारियो हे या सरोवराचं जुनं नाव. सगळं खोरं हिमनदीने कोरलेलं आहे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून १९८ मीटरवर आणि खोली ४०० मीटरहून जास्त, म्हणजे तळ चक्क समुद्रसपाटीच्याही खाली. डोंगराची धार पाण्याशी येऊन थांबत नाही, तशीच सरळ आत जाते. त्यामुळे काठाला सपाट जमीन जवळजवळ नाहीच. रस्त्यापुढे दोनच पर्याय उरतात: पाण्याला चिकटून अंग चोरत जायचं, नाही तर सरळ वर चढायचं.

फेरी मारणारा दिवसभर पहिला पर्याय निवडतो. पश्चिम काठावरचा रेजिना रस्ता मुळात फार जुन्या काळच्या वाटेवरचा. गावांमध्ये घरांच्या भिंती थेट डांबराला भिडलेल्या. समोरून बस आली की गाड्या थांबतात, मागे घेतात, आणि त्या गर्दीत आपण एक पाय टेकवून उभे. पूर्वेला लेक्कोहून उत्तरेकडे जाणारा वेगवान रस्ता सायकलींना बंदच आहे, जुना रस्ता शोधून जावं लागतं. बोगद्यांत दिवा आणि चमकणारं जॅकेट लागतं. तो तिथला कायदा आहे आणि योग्यच आहे. पण अशा दिवसात नजर पाण्यावर किती राहते आणि मागून येणाऱ्या ट्रकच्या आवाजावर कान किती, याचा हिशेब प्रत्येकाने प्रामाणिकपणे करावा. शिवाय काठाने जाताना डोंगर फक्त दुरून साजरे दिसतात. सायकल घेऊन एवढ्या लांब जायचं ते यासाठी?

माझं म्हणणं असं: बेलाजिओहून निघा, गिसाल्लो चढा, सोर्मानोवरून पलीकडे नेस्सोला उतरा आणि काठाने परत या. पन्नास किलोमीटरच्या आसपासचा गोल, चढाई तेराशे मीटरच्या घरात. आकडे लहान वाटतात. पायाला लहान लागत नाहीत.

गिसाल्लोबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. बेलाजिओहून वर साधारण साडेआठ किलोमीटर, सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास. ही सरासरी वाचून जाणारे पहिल्या चार किलोमीटरमध्येच गार पडतात. कारण चढ तीन तुकड्यांत आहे. सुरुवातीचा तुकडा नऊ टक्क्यांच्या आगेमागे, काही ठिकाणी चौदापर्यंत जाणारा, झाडीतून वळत जाणारा. मग मध्ये रस्ता चक्क सपाट होतो, थोडा उतरतोही. आणि दम परत आला असं वाटत असताना शेवटचा किलोमीटर पुन्हा उभा राहतो. मधल्या सपाटीवर जोर लावून वेळ वसूल करायचा मोह प्रत्येकाला होतो. करू नका. तिथे पाणी प्या, डावीकडच्या झाडीतून लेक्कोचा फाटा खाली दिसतोय तो बघा, आणि शेवटच्या किलोमीटरसाठी पाय राखून ठेवा.

वर ७५४ मीटरवर मादोन्ना देल गिसाल्लोचं, म्हणजे गिसाल्लोच्या मेरीमातेचं, छोटं चर्च आहे. १९४९ मध्ये पोप पायस बारावे यांनी या मादोन्नाला सायकलस्वारांची संरक्षक म्हणून जाहीर केलं. बाहेर कोप्पी, बार्ताली, बिंदा या जुन्या इटालियन सायकलपटूंचे अर्धपुतळे. आत भिंतींवर जर्सी आणि वर टांगलेल्या सायकली. सगळ्यांची नजर आधी कोप्पी, बार्ताली, मर्क्स यांच्या सायकलींवर जाते. मी मात्र सांगेन की फाबिओ कासार्तेल्लीची सायकल शोधा. हा कोमोचाच मुलगा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रोड रेसचं सुवर्ण जिंकलं, आणि १८ जुलै १९९५ रोजी टूर द फ्रान्समध्ये पिरेनीजमधल्या पोर्ते दास्पे घाटाच्या उतारावर पडून मरण पावला. वय २४. त्याची ती मोडकी, वाकलेली सायकल इथे ठेवली आहे. सगळ्या देखण्या सायकलींच्या मध्ये ती एक. क्लीटचे, म्हणजे पेडलला अडकणारे, बूट त्या फरशीवर फार वाजतात, तेव्हा दारातच काढून हातात घ्या.

शेजारी सायकलिंगचं संग्रहालय आहे, २००६ पासूनचं. जिरो, म्हणजे इटलीची मोठी सायकल शर्यत, तीन वेळा जिंकलेला फिओरेन्झो मान्यी त्यासाठी वर्षानुवर्षं झटला. वेळ असेल तर जरूर जा, पण चर्च चुकवून संग्रहालय नको.

पुढे माग्रेल्यो, बार्नी, लास्निगो अशी गावं घेत रस्ता उतरतो आणि मग उजवीकडे सोर्मानोला फुटतो. सोर्मानो गावाच्या वर दोन वाटा आहेत. एक नेहमीचा वळणावळणाचा रस्ता, दुसरी ती प्रसिद्ध भिंत, मुरो दी सोर्मानो. पावणेदोन किलोमीटरच्या आसपास लांबी, सरासरी पंधरा टक्क्यांच्या वर आणि सगळ्यात उभ्या जागी पंचवीसच्या पुढे. या भागातून जाणाऱ्या लोंबार्दिया या व्यावसायिक शर्यतीत ही भिंत १९६० मध्ये आली आणि १९६२ नंतर वगळली गेली, कारण प्रेक्षक खेळाडूंना सर्रास ढकलून वर चढवत होते. २०१२ मध्ये ती शर्यतीत परतली. आज ती मोटारींना बंद आहे. डांबरावर चढलेल्या प्रत्येक मीटरची उंची रंगवलेली आहे. पायाखालचा आकडा वाचायचा, पेडल मारायचं, पुढचा आकडा वाचायचा. इतक्या हळू वेगात तेवढंच सुचतं.

भिंत आयुष्यात एकदा चढावी, याबद्दल वाद नाही. पण तिच्यामुळे नेहमीच्या रस्त्यावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. तो रस्ता एका लयीत चढतो, श्वास आणि पेडल यांची जोडी जमते, आणि शेजारच्या माणसाशी बोलत वर जाता येतं. पहिल्यांदा जाताय, सोबत नवखं कोणी आहे, तर बिनधास्त तो धरा. दोन्ही वाटा कोल्मा दी सोर्मानोलाच, ११२४ मीटरवर, पोचतात. वर पोचल्यावर कोणी कुठून आलं हे हवेला माहीत नसतं.

आता उतार, आणि इथे मी कळकळीने सांगतेय. पियान देल तिवानोचं पठार संपलं की झेल्बियोहून नेस्सोपर्यंत रस्ता अरुंद, गुंतागुंतीचा, दगडी कठड्यांमधून फिरणारा आहे. २०१७ च्या शर्यतीत इथे लॉरेन्स दे प्लुस आणि यान बाकेलांट्स रस्त्याबाहेर फेकले गेले. १५ ऑगस्ट २०२० रोजी त्याच शर्यतीत रेम्को एव्हेनेपूल पुलाच्या कठड्यावर आदळून खालच्या घळीत पडला, कमरेचं हाड मोडलं. हे जगातले निवडक खेळाडू, तेही वाहतूक बंद केलेल्या रस्त्यावर. आपल्यासमोर तर वळणावर गाडीही असू शकते. हात ब्रेकवर, हँडल खालून धरलेलं, वळणाच्या आधी वेग कमी. तासा-मिनिटांचा विचार इथे डोक्यातून पूर्ण काढून टाका.

नेस्सोला घळीतून कोसळणारं पाणी आणि खाली जुना दगडी पूल आहे. तिथून लेत्सेनोमार्गे बेलाजिओपर्यंतचा काठ हा मला माहीत असलेल्या सगळ्यांत सुंदर रस्त्यांपैकी एक. म्हणजे काठाशी माझं वैर नाही. डोंगर ओलांडून आल्यावर तो काठ जसा भेटतो तसा दिवसभर त्यालाच चिकटून राहिल्यावर भेटत नाही, एवढंच.

कामाच्या गोष्टी थोडक्यात. पुढच्या चक्राला ३४ आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला किमान ३२ दात हवेतच, भिंतीसाठी मागेही ३४ उत्तम. ऑगस्ट टाळा, सगळा इटली तेव्हा सुट्टीवर असतो. मे, जून आणि सप्टेंबर चांगले. ऑक्टोबरमध्ये लोंबार्दिया असते; पानं गळण्याच्या दिवसांतली ही शर्यत १९०५ पासूनची. फाउस्तो कोप्पीने ती पाच वेळा जिंकली, आणि तादेय पोगाचारने २०२१ ते २०२५ सलग पाच जिंकून त्याच्याशी बरोबरी केली. त्या आठवड्यात गेलात तर गिसाल्लोवर शर्यतीआधीची लगबग अनुभवता येते, मुक्काम मात्र फार आधी ठरवावा लागतो.

वाऱ्याचंही लक्षात ठेवा. सकाळी उत्तरेकडून तिवानो वाहतो, दुपारी दक्षिणेकडून ब्रेव्हा. काठावरचा वेळ ठरवताना हे दोघे फार मोठा फरक पाडतात.

आणि इतकं सांगूनही ज्यांना काठाची फेरी हवीच आहे, त्यांनी निदान उत्तरेची अर्धी करावी. बेलाजिओहून बोटीने मेनाज्जोला जा, सायकल बोटीत घेतात. तिथून कोलिकोपर्यंत वर आणि पूर्व काठाने व्हारेन्नापर्यंत खाली, मग परत बोट. पन्नास-साठ किलोमीटर होतात, वर सरोवर रुंद होतं आणि गर्दी विरळ होते. सकाळी लवकर निघालात तर तिवानो तोंडावर घेत वर जाल, म्हणून कोलिकोला थोडं रेंगाळा आणि ब्रेव्हा सुरू व्हायच्या आत खाली या.