पाऊ गसोल मऊ नव्हता

काल परत तोच वाद झाला. बास्केटबॉलमधला सगळ्यात भारी बिग मॅन, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, कोण असा विषय निघाला होता, हकीम, शॅक, डंकन अशी नावं चालली होती, मी मध्येच स्पेनच्या पाऊ गसोलचं नाव घेतलं आणि समोरून लगेच आलं, "पाऊ? तो तर मऊ!" हे यमक मी इतकी वर्षं ऐकतोय की आता त्याचा रागसुद्धा जुना झालाय, पण काल का कोण जाणे फार लागलं. तेव्हा उशीर झाला होता म्हणून गप्प बसलो. आज सगळं लिहून काढतोय, लांब होईल, पण हे एकदा नीट बोलायचंच होतं.

आधी जे खरं आहे ते कबूल करतो. २००८ च्या एनबीए (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) फायनल्समध्ये पाऊ लेकर्सकडून खेळत होता आणि बॉस्टनवाल्यांनी त्याला ढकलला. गार्नेट आणि पर्किन्स या त्यांच्या दोन बिग मॅननी मिळून त्याला त्याच्या आवडत्या जागेपासून दोन-दोन पावलं लांब रेटला, बॉल मिळायचा तोच अडचणीच्या ठिकाणी, आणि सहाव्या मॅचमध्ये तर लेकर्सचा १३१-९२ असा धुव्वा उडाला. ३९ पॉइंटनी हरल्यावर कोणाच्या तरी कपाळावर शिक्का बसणारच होता, लेकर्सचा हिरो कोबी, त्याच्या बसणार नव्हता, मग उंच, सडपातळ, दाढीवाला, शांत बोलणारा स्पॅनिश माणूस सापडला. सॉफ्ट. युरोपातून आलेल्या प्रत्येक उंच खेळाडूसाठी हा शब्द तिकडे आधीपासून तयारच असायचा, फक्त चिकटवायचं बाकी होतं.

पण त्या सिरीजचं एक कोणी बोलत नाही. लेकर्सचा सेंटर (बास्केटखाली उभा राहणारा मुख्य बिग मॅन) बायनम जानेवारीतच गुडघा दुखावून बाहेर गेला होता. पाऊ मेम्फिसहून आला १ फेब्रुवारी २००८ ला, म्हणजे फायनल्सच्या जेमतेम चार महिने आधी, आणि आल्या आल्या त्याला सेंटर म्हणून उभं केलं. त्याचा खरा खेळ म्हणजे शेजारी एक दणकट माणूस असताना हाय पोस्टवरून (फ्री थ्रो लाइनजवळून) पास देणं, दोन्ही हातांनी हुक शॉट मारणं, बास्केटकडे कट करणाऱ्याला शोधणं. तो दणकट माणूसच नव्हता. तरी त्याने सरासरी १४.७ पॉइंट आणि १० रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) केले. ग्रेट नाही म्हणत मी, कमीच पडला तो, पण कमी पडणं वेगळं आणि पळून जाणं वेगळं, आणि सॉफ्ट म्हणताना लोक त्यातलं दुसरं म्हणत असतात.

इथेच माझं खरं म्हणणं आहे. इंग्रजीत टफ हा एकच शब्द सगळीकडे वापरतात, आपल्याकडे दोन आहेत, दांडगा आणि चिवट. दांडगा म्हणजे जो छाती काढून समोर येतो, धक्का देतो, डोळे वटारतो, डंक केल्यावर ओरडतो. चिवट म्हणजे जो पडतो, उठतो आणि परत त्याच जागेवर येऊन उभा राहतो, परत पडतो, परत येतो, तोंडातून शब्द नाही. गार्नेट दोन्ही होता, त्याला मी मानतोच. पण पाऊ दांडगा नव्हता म्हणून तो चिवटही नव्हता असं कसं धरून चालता? टीव्हीवर दांडगाई दिसते, कॅमेरा चेहऱ्यावर असतो. चिवटपणा कमरेखाली असतो, पायांत, ढुंगणात, पाठीच्या खालच्या भागात, तिथे कॅमेरा जातच नाही.

मी स्वतः काही वर्षं पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटजवळच्या जागेत, खेळलोय, फार मोठ्या लेव्हलला नाही, पण तिथे काय होतं ते अंगाला माहितीये. शॉट वर गेला की पहिली गोष्ट म्हणजे मागच्याच्या कोपराचं टोक बरगड्यांत घुसतं, त्याचा पुढचा हात तुमच्या कमरेवर आडवा असतो, तुम्ही गुडघे वाकवून त्याच्यावर बसल्यासारखे मागे रेटत असता, बॉल कुठे येणार ते अजून कळलेलं नसतं. उडी मारता, बोट लागतं, बॉल निसटतो. आता खरी परीक्षा. बहुतेक जण पहिल्या उडीनंतर खाली येऊन बघत बसतात. आमचे कोच सांगायचे की पहिली उडी उंचीची, दुसरी उडी माणसाची. जमिनीला पाय लागतोय न लागतोय तोच परत वर जाणं, तेही चाळीस मिनिटं धक्के खाल्ल्यावर, मांड्या पेटलेल्या असताना. हे ज्याला जमतं त्याला मऊ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता २०१० वर येतो, कारण माझी सगळी केस तिथे उभी आहे. पहिल्याच राउंडला ओक्लाहोमाबरोबर सहावी मॅच, समोर ड्युरँट आणि वेस्टब्रुक, त्यांच्याच घरच्या कोर्टवर, लेकर्स एका पॉइंटने मागे, शेवटचा शॉट कोबीने मारला आणि चुकला. पाऊ वीक साइडने, म्हणजे बॉल नसलेल्या बाजूने, आत आला, बॉल रिमवरून उडतानाच त्याने वरच्या वर ढकलून आत घातला, घड्याळात अर्धा सेकंद उरला होता. ९५-९४. सिरीज संपली. ते झालं नसतं तर सातवी मॅच झाली असती आणि पुढचं सगळं कदाचित झालंच नसतं.

आणि मग १७ जून २०१०, फायनल्सची सातवी मॅच, समोर परत तीच बॉस्टन. पर्किन्स आदल्या मॅचमध्ये जखमी झाला होता, तो नव्हता, हे विरोधक लगेच सांगतात आणि बरोबर आहे त्यांचं. पण बायनमही एका फाटक्या गुडघ्यावर खेळत होता आणि कोबीचा त्या दिवशी हातच चालत नव्हता. २४ शॉटपैकी ६ आत. कोबीचा मी भक्त आहे, १५ रिबाउंड घेऊन आणि फ्री थ्रो मारून त्याने स्वतःला ओढत आणलं हे मला मान्य आहे, पण शॉट पडत नव्हते ते नव्हतेच. अख्ख्या टीमचा नेम ३२ टक्क्यांच्या आसपास. तिसऱ्या क्वार्टरमध्ये १३ पॉइंटनी मागे. इतका खराब नेम असलेली टीम सातवी मॅच जिंकतेच कशी? एकाच मार्गाने, चुकलेले शॉट परत स्वतःच घेऊन.

लेकर्सनी त्या मॅचमध्ये २३ ऑफेन्सिव्ह रिबाउंड, म्हणजे स्वतःच्याच चुकलेल्या शॉटचे, घेतले. त्यातले ९ एकट्या पाऊचे. आणि बॉस्टनच्या अख्ख्या टीमचे मिळून ८. हे वाक्य परत एकदा वाचा प्लीज. ज्या टीमने दोन वर्षांपूर्वी त्याला मऊ ठरवलं होतं त्या सगळ्या टीमपेक्षा एक जास्त, तेही मॅच सगळ्यात जास्त अंगावर येते त्याच जागेत. एकूण १९ पॉइंट, १८ रिबाउंड. मी ती मॅच नंतर कितीतरी वेळा फक्त त्याच्याकडे बघत पाहिलीय, बॉलकडे नाहीच. पहिल्या हाफमध्ये त्याचे सोपे शॉटही चुकतायत, आत जातोय, धक्का बसतोय, बॉल हातातून सुटतोय, पण दर वेळी तो परत तिथेच, डाव्या बाजूला, गार्नेटच्या खांद्याला खांदा लावून. शेवटचं मिनिट सुरू होता होता लेकर्सच्या आर्टेस्टने तो प्रसिद्ध थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) मारला, सगळ्यांना तोच आठवतो, बॉस्टनच्या रे ॲलनने लगेच त्याला उत्तर दिलं, आणि मग कोबीचा शॉट परत चुकला. तो चुकलेला बॉल कोणी घेतला? पाऊने. घेऊन कोबीला परत दिला, कोबीला फाउल मिळाला, दोन फ्री थ्रो. त्यानंतर बॉस्टनच्या रोंडोनेही थ्री मारला, म्हणजे तो रिबाउंड बॉस्टनच्या हातात गेला असता तर काय झालं असतं याचा हिशोब तुम्हीच करा. ८३-७९.

फायनल्सचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडूचा किताब) कोबीला मिळाला, पूर्ण सिरीज बघितली तर त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती सातवी मॅच पाऊची होती आणि हे म्हणताना मी कोबीचं काहीही कमी करत नाही. २००७ च्या उन्हाळ्यात कोबी स्वतः ट्रेड (दुसऱ्या टीममध्ये बदली) मागत होता हे विसरू नका. पाऊ आला आणि लेकर्स सलग तीन वर्षं फायनल्सला गेले.

मग २०११. इथेही मी पाऊची बाजू झाकणार नाही. डॅलसने ४-० ने उडवलं, पाऊ त्या सिरीजमध्ये हरवल्यासारखा खेळत होता, कोच फिल जॅक्सनने तर भर मॅचमध्ये त्याच्या छातीवर हाताने मारून त्याला जागं करायचा प्रयत्न केला, ते दृश्य अजून फिरतं. वाईट सिरीज होती, पूर्णविराम. पण त्याच वर्षी त्याच डॅलसच्या नोवित्स्कीचं काय झालं बघा. २००६ ची फायनल २-० वरून घालवली, २००७ ला पहिल्या नंबरची टीम असून पहिल्याच राउंडला गोल्डन स्टेटकडून हरला, तेव्हा तोही सॉफ्ट होता, तोही युरोपियन, तोही जंप शॉटवाला. २०११ ला ताप अंगात घेऊन खेळला, जिंकला, आणि एका रात्रीत शिक्का पुसला गेला. चांगलंच झालं, त्याचा हक्कच होता तो. मग पाऊचा शिक्का दोन चॅम्पियनशिपनंतरही का पुसला जात नाही? मला वाटतं कारण नोवित्स्की आपल्या टीमचा पहिला माणूस होता आणि पाऊ दुसरा. जिंकलं की श्रेय पहिल्याचं, हरलं की दोष दुसऱ्याचा. दुसऱ्या नंबरच्या माणसाचं असंच होतं, आणि पाऊने हे सगळं तोंडातून अवाक्षर न काढता सोसलं.

डिसेंबर २०११ मध्ये तर त्याला ह्यूस्टनला पाठवायचं ठरलं होतं, ख्रिस पॉल लेकर्सकडे येणार होता तो ट्रेड, लीगनेच अडवला. विचार करा, ज्या टीमला दोन वेळा चॅम्पियन केलं तिने तुम्हाला विकायचं ठरवलं, विक्री झाली नाही, आणि आता त्याच लॉकर रूममध्ये त्याच लोकांसमोर जायचंय. तो गेला. प्रॅक्टिसला आला. त्यानंतरचे तीन सीझन दर दुसऱ्या आठवड्याला त्याच्या नावाच्या अफवा, कधी बेंचवर, कधी न आवडणाऱ्या रोलमध्ये, तरी खेळत राहिला. मग शिकागोला गेला आणि चौतिसाव्या वर्षी १८.५ पॉइंट, ११.८ रिबाउंड, त्या सीझनला लीगमध्ये सगळ्यात जास्त डबल-डबल (एकाच मॅचमध्ये पॉइंट आणि रिबाउंड दोन्ही दहा किंवा जास्त) त्याचे. संपलेला माणूस असा खेळत नाही.

स्पेनचं तर वेगळंच प्रकरण आहे, आणि फक्त एनबीए बघणाऱ्यांना ते माहीतच नसतं. २००६ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला अर्जेंटिनाविरुद्ध सेमीफायनलमध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं, फायनल तो बाकावरूनच पाहत होता, आणि बाकीचे पोरं 'पाऊपण खेळतोय' अशा अर्थाचे टीशर्ट घालून आले आणि ग्रीसला ७०-४७ ने हरवलं. टीमची अशी माया फुकट मिळत नाही. आणि २०१५ ची युरोबास्केट सेमीफायनल, लिलमध्ये, फ्रान्सचंच घर, प्रेक्षकांचा नुसता समुद्र, त्याचा भाऊ मार्क त्या स्पर्धेत नव्हता, समोर फ्रान्सचा उंच सेंटर गोबेअर. पाऊ पस्तीस वर्षांचा. ओव्हरटाइम धरून ४० पॉइंट, ११ रिबाउंड. आदल्याच वर्षी फ्रान्सने स्पेनला माद्रिदमध्ये वर्ल्ड कपमधून बाहेर काढलं होतं, तो हिशोब त्याने एकट्याने चुकता केला. तीन दिवसांनी फायनलही जिंकली. ज्याने ही मॅच पाहिली नाही त्याने पाऊबद्दल मत द्यायची घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

शेवटी पाय. २०१९ मध्ये त्याच्या पायाच्या नॅव्हिक्युलर हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर झालं. घोट्याच्या पुढे असलेलं छोटंसं हाड, मधल्या भागाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरून यायला फार वेळ लागतो, आणि सात फुटी माणसाचं सगळं वजन प्रत्येक उडीला त्यावरून जातं. बिल वॉल्टनला याच हाडाने छळलं, याओ मिंगची करिअर याच हाडात अडकली. पाऊ तेव्हा एकोणचाळीशीला आला होता, पैसा, नाव, चॅम्पियनशिपच्या दोन अंगठ्या, सगळं होतं, घरी बसला असता तर कोणी नावं ठेवली नसती. तो दोन वर्षं त्या पायावर काम करत राहिला, २०२१ मध्ये बार्सिलोनाकडून परत उतरला, स्पेनची लीग जिंकला, आणि एकेचाळिसाव्या वर्षी टोकियोला आपलं पाचवं ऑलिम्पिक खेळला.

तर माझी यादी विचारली तर हकीम, डंकन, शॅक यांच्या शेजारी मी त्याला बसवत नाही, काल पण नव्हतो बसवत, तुम्ही ऐकूनच घेतलं नाही. गार्नेटही त्याच्या वरच. पण त्यांच्यानंतरच्या ओळीत तो आहे, नोवित्स्कीच्या थोडा मागे, आणि चिवटपणा हा एकच निकष लावला तर मी त्याला अजून वर नेईन. माझ्याशी वाद घालायचा असेल तर जरूर घाला, २०११ काढा, २००८ काढा, मेम्फिसमध्ये प्लेऑफची एकही मॅच जिंकता आली नाही तेही काढा, सगळ्यावर बोलायला तयार आहे. फक्त त्याआधी त्या सातव्या मॅचचा चौथा क्वार्टर बघून या, आवाज बंद करून, आणि नजर बॉलवर न ठेवता १६ नंबरवर ठेवा. तीच १६ नंबरची जर्सी २०२३ मध्ये लेकर्सनी वर टांगली, कोबीच्या ८ आणि २४ च्या अगदी शेजारी.